खर्ज कोणाचा?

मैफल संपवून घरी परतताना आपण गवयाची एखादी तान गुणगुणतो, तबलजीची तिहाई आठवतो, क्वचित सारंगियाचेही नाव काढतो. मागे तंबोरा धरून बसलेल्याचे नाव मात्र कोणी विचारीत नाही. पाश्चात्त्य संगीतात सर्वांत खालून स्वरांची जी ओळ चाललेली असते तिचे आणि तंबोऱ्याचे काम एक नव्हे. परंतु उपेक्षेच्या बाबतीत दोघांचे दैव सारखे आहे. त्या ओळीला तिकडे बास म्हणतात. आम्ही आज तिला खर्ज म्हणणार आहोत. शास्त्राच्या काट्यावर हा शब्द तंतोतंत उतरणार नाही, पण आपल्या कानाला तो ओळखीचा आहे आणि आजच्या कामाला पुरेसा आहे.

या खर्जासंबंधी एक वाद आहे. गिटार आणि ड्रम घेऊन गाणी वाजवणाऱ्या तरुण मंडळींच्या तालमीत तो नेहमी ऐकू येतो. एक पक्ष म्हणतो, ध्वनिमुद्रिकेवर खर्ज जसा वाजला आहे तसाच, स्वरास स्वर लावून, उचलला पाहिजे; त्यात काना-मात्रेचा फरक करण्याचा अधिकार आपल्याला नाही. दुसरा पक्ष म्हणतो, गाण्याचा सांगाडा कळला की पुरे. मधले स्वर ज्याने त्याने आपल्या मनाने भरावेत, नाहीतर वाजवणारा आणि तबकडी यांत अंतर काय राहिले? वरवर पाहता हा हौशी लोकांचा फावल्या वेळचा वाद आहे. पण त्यामागे चारशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाच्या अलीकडच्या टोकाशी एका माणसाच्या नावाचा आणि मिळकतीचा प्रश्न उभा आहे. म्हणूनच तो आम्ही या व्यासपीठावर आणला.

प्रथम खर्ज करतो काय ते पाहू. समजा, गायक वरचा षड्ज धरून उभा आहे. खाली वाद्याने षड्जच दिला, तर गायकाचा स्वर घरी पोचल्यासारखा वाटतो. खाली मध्यम दिला, तर तोच वरचा षड्ज त्या मध्यमाचा पंचम होऊन बसतो. खाली धैवत दिला, तर तो त्या धैवताचा कोमल गंधार होतो आणि गाण्यावर एकदम उदास छाया पडते. गायकाने गळा तसूभरही हलवलेला नाही. त्याच्या पायाखालची जमीन तेवढी सरकली आहे. एका स्वरावर एकाच वेळी इतर स्वर रचण्याची, म्हणजे ज्याला तिकडे कॉर्ड म्हणतात त्याची, सगळी इमारत या खालच्या स्वरावर उभी असते. आमच्या संगीतात षड्ज एकदा लावला की मैफल संपेपर्यंत तो हलत नाही, त्यामुळे ही किमया आणि हा धोका दोन्ही आपल्याला अपरिचित आहेत. तिकडे खर्ज वाजवणारा चुकला तर तो एकटा चुकत नाही. वरच्या सगळ्यांना तो चुकीचे ठरवतो.

आता इतिहास. इ. स. १६०२ मध्ये व्हेनिस येथे लोदोविको व्हियादाना नावाच्या एका फ्रान्सिस्कन साधूचा शंभर भक्तिगीतांचा संग्रह छापून निघाला. त्या काळी चर्चमधील गीते पाच, सहा, आठ आवाजांसाठी रचलेली असत. गाणारे मात्र पुष्कळदा दोन किंवा तीनच मिळत. मग ते बिचारे त्या मोठ्या रचनेतले आपापले तुकडे गात. मधले आवाज गायब, ओळी अर्ध्यावर तुटलेल्या, शब्दांचा मेळ नाही. व्हियादानाने यावर उपाय काढला. त्याने थोड्या आवाजांसाठी गीते रचली आणि त्यांच्याखाली ऑर्गनवाल्यासाठी खर्जाची एक सलग ओळ लिहून दिली. वरचे स्वरगुच्छ ऑर्गनवाल्याने स्वतः भरायचे. ही पद्धत पुढे 'बासो कंतिनुओ', म्हणजे अखंड खर्ज, या नावाने युरोपभर पसरली आणि सुमारे दीडशे वर्षे टिकली. व्हियादाना तिचा एकटा जनक नव्हे, पण छापील ग्रंथात तिला प्रतिष्ठा देणाऱ्यांत तो अग्रभागी आहे.

त्याने प्रस्तावनेत वाजवणाऱ्यांना ज्या सूचना दिल्या आहेत त्यांतली एक आमच्या विषयाच्या गाभ्याची आहे. ऑर्गनवाल्याने साधे वाजवावे, आणि विशेषतः डाव्या हाताने साधे वाजवावे, असे तो सांगतो. उजव्या हाताला कोठे हालचाल करावीशी वाटली, समेवर येताना एखादी नक्षी काढावीशी वाटली, तर त्याने ती खुशाल काढावी; मात्र गाणारा तिच्याखाली झाकला जाऊ नये की गोंधळू नये. डावा हात म्हणजे खर्ज. पाहा, वादाच्या दोन्ही पक्षांची वाटणी या माणसाने एकाच वादकाच्या दोन हातांत करून टाकली आहे! डाव्याने हुकमाप्रमाणे चालावे, उजव्याने आपल्या मनाने.

पाच वर्षांनी, १६०७ मध्ये, सिएना येथील आगोस्तिनो आगात्सारी याने या खर्जावर कसे वाजवावे याविषयी एक छोटी पुस्तिका लिहिली. वाद्यांचे त्याने दोन वर्ग केले: पाया धरणारी आणि शृंगार करणारी. या नव्या पद्धतीची गरज सांगताना त्याने जे एक कारण दिले आहे ते मोठे व्यावहारिक आहे. चर्चमध्ये वर्षभर जे जे गायिले जाते ते सगळे स्वरास स्वर लिहून ठेवायचे म्हटले, तर ऑर्गनवाल्याला एखाद्या कायदेपंडिताहून मोठे ग्रंथालय बाळगावे लागेल, असे तो म्हणतो. कलेच्या इतिहासात मोठमोठ्या क्रांत्या अशा कागद वाचवण्याच्या निमित्ताने झालेल्या आहेत, हे सौंदर्यशास्त्राच्या पंडितांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पुढे या खर्जाच्या स्वरांच्या डोक्यावर किंवा पायाशी आकडे लिहिण्याची चाल पडली. आकडा नसेल तर त्या स्वरापासून तिसरा व पाचवा स्वर घ्यायचा; सहाचा आकडा असेल तर तिसरा व सहावा. गंधारावर सहा लिहिले की वर पंचम आणि षड्ज येतात, म्हणजे षड्जाचाच स्वरगुच्छ, पण गंधारावर तोललेला. एवढ्या खुणेवर वादकाने समोर गाणाऱ्याचा आवाज, दालनाचा आकार, गीताचा भाव पाहून काय ते वाजवायचे. योहान डेव्हिड हाइनिखेन याने १७२८ मध्ये या विद्येवर लिहिलेला ग्रंथ नऊशेंहून अधिक पानांचा आहे. मनाने वाजवण्याची विद्या शिकवायला एवढी पाने लागतात, यात कोणाला विरोधाभास वाटेल. आम्हांला वाटत नाही. आमच्याकडेही आलापाला ठरलेले स्वरलेखन नसते, म्हणून तो शिकायला कमी वर्षे लागतात काय?

या विद्येचा कळस म्हणजे योहान सेबास्टियन बाख. त्याचा मुलगा कार्ल फिलिप इमानुएल हा स्वतः या विषयाचा अधिकारी लेखक. त्याच्या वादनग्रंथाचा पहिला भाग १७५३ मध्ये व साथीविषयीचा दुसरा १७६२ मध्ये प्रसिद्ध झाला. एकट्या वादकाला हार्प्सिकॉर्ड आणि चेलो यांची जोडी साथीला असावी, ती कोणालाही नाव ठेवता येणार नाही अशी साथ होय, असे त्याचे मत होते. म्हणजे चेलोने खर्जाची ओळ लिहिल्याप्रमाणे धरायची आणि हार्प्सिकॉर्डने तिच्यावर मांडणी करायची. १७७४ च्या सुमारास वडिलांच्या चरित्रकाराला लिहिताना त्याने एक आठवण सांगितली आहे. कोणी तरी तीन वाद्यांची रचना पुढे ठेवावी, खर्जावर आकडेही विरळ असावेत, आणि बाखने तेथल्या तेथे साथ करताना उजव्या हाताने चौथी स्वतंत्र धून उभी करून त्रयीची चौकडी करून टाकावी. रचनाकार स्वतः आश्चर्याने थक्क व्हावा! मात्र या आठवणीला दोन अटी जोडलेल्या आहेत, त्या सांगणारे सहसा गाळतात. बाखची लहर चांगली असली पाहिजे, आणि रचनाकार वाईट वाटून घेणार नाही हे त्याला ठाऊक असले पाहिजे. दुसऱ्याच्या घरात भिंत बांधण्यापूर्वी घरमालकाचा स्वभाव पाहिला जात होता.

आणि याच बाखवर उलट आरोपही झाला. १७३७ मध्ये योहान आडोल्फ शायबे या टीकाकाराने लिहिले की, जे वादकावर सोडायला हवे ते सगळे, प्रत्येक बारीकसारीक आलंकारिक स्वरसुद्धा, हा गृहस्थ लिहून टाकतो. त्यामुळे मूळ चाल दिसेनाशी होते. पुढच्याच वर्षी लाइप्झिगचा वक्तृत्वशास्त्राचा अध्यापक बिर्नबाउम बाखच्या बाजूने उभा राहिला. त्याचे म्हणणे सरळ होते: वादकांवर सोडावे हे खरे, पण नीट अलंकार करता येणारे वादक आहेत किती? जो मनुष्य दुसऱ्याच्या खर्जावर एवढे स्वातंत्र्य घेई, तो स्वतःच्या रचनेत मात्र दुसऱ्याला स्वातंत्र्य देईना. याला कोणी दुटप्पीपणा म्हणेल. आम्ही म्हणू की त्याला दोन्ही बाजूंची किंमत ठाऊक होती.

येथे एक गोष्ट सांगून पुढे जाऊ. खर्जाने मुळीच हलू नये, असा एक प्रकारही तिकडे आहे. पाखेल्बेलच्या प्रसिद्ध 'कॅनन'मध्ये चेलोला आठच स्वर दिले आहेत आणि ते त्याने अठ्ठावीस वेळा जसेच्या तसे वाजवायचे आहेत. चेलोवाले या रचनेला कंटाळतात, हे त्यांच्या जमातीत सर्वश्रुत आहे. परंतु एकल तबलावादनात नगमा धरणाऱ्या संवादिनीवाल्याला विचारा. त्याने नगम्यात स्वतःची कारागिरी दाखवायला सुरुवात केली, तर तबलजी सम कशाच्या आधारावर गाठणार? तेथे न हलणे हीच विद्या आहे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ही अंकित खर्जाची रीत मावळली. रचनाकार सगळ्या वाद्यांचे सगळे स्वर लिहू लागले, वाद्यवृंद मोठे झाले, आणि खर्जवादकाचे काम कागदावर दिसेल ते वाजवणे एवढेच उरले. एकोणिसाव्या शतकाच्या त्या भव्य संगीताविषयी येथे अधिक सांगण्याचे कारण नाही. आमच्या वादापुरता तो काळ एकाच पक्षाचा आहे.

वाद पुन्हा जिवंत झाला तो अमेरिकेत, निग्रो समाजाने निर्माण केलेल्या जाझ संगीतात. तेथे वादकाच्या कागदावर पुन्हा खुणा आल्या, पण एक मोठी उलटापालट होऊन. व्हियादानाच्या काळी खर्ज लिहिलेला असे आणि वरचे भरायचे असे. जाझमध्ये वरची चाल लिहिलेली आणि कॉर्डची नुसती नावे दिलेली. खर्ज ज्याचा त्याने काढायचा. तीनशे वर्षांत डावा हात मोकळा झाला होता. ड्यूक एलिंग्टनच्या वृंदात १९३९ मध्ये आलेल्या जिमी ब्लँटन या तरुणाने डबल बास या अवजड वाद्यातून गाता खर्ज काढून दाखवला, आणि १९४२ मध्ये तेवीस वर्षांचा असताना क्षयाने तो वारला. पुढच्या पिढीने त्याच्या तबकड्या झिजेपर्यंत ऐकल्या.

डबल बास पुरुषभर उंच. वाहून न्यायला त्रास, गर्दीत ऐकू येत नाही, आणि त्याला पडदे नसतात, त्यामुळे व्हायोलिनप्रमाणे स्वराची जागा बोटालाच माहीत असावी लागते. कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवलेल्या लिओ फेंडरने १९५१ मध्ये गिटारसारखा गळ्यात अडकवण्याचा, विजेवर चालणारा, सतारीप्रमाणे पडदे असलेला बास बाजारात आणला. पडद्यांमुळे स्वर नेमका लागतो म्हणून त्याने त्याचे नाव ठेवले 'प्रिसिजन', म्हणजे अचूक. फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. अचूकपणाचे नाव मिरवणाऱ्या या वाद्यावर पुढे जे घडले ते आजच्या आमच्या व्याख्यानाचे मुख्य प्रकरण आहे.

जेम्स जेमर्सन हा १९३६ मध्ये दक्षिण कॅरोलायनात जन्मला आणि १९५४ मध्ये डिट्रॉइट या मोटारींच्या शहरी आला. शाळेत त्याने डबल बास हाती धरला, रात्री जाझच्या अड्ड्यांवर वाजवू लागला. त्याच शहरात बेरी गॉर्डी याने, जो काही काळ मोटारींच्या कारखान्यात जुळणीच्या पट्ट्यावर काम करून आला होता, १९५९ मध्ये घरच्यांकडून आठशे डॉलर उसने घेऊन ध्वनिमुद्रिकांची कंपनी काढली. तीच पुढे मोटाउन या नावाने जगभर गाजली. एका राहत्या घरात तिचा स्टुडिओ होता. वादक त्याला सापांचे बीळ म्हणत. तेथे ठरलेले डझनभर वादक दिवसरात्र बसून एकामागून एक गाणी वाजवीत. गाणारे बदलत, रचनाकार बदलत. खालचा खर्ज बहुतेक वेळा जेमर्सनचा असे.

त्याच्यापुढे पुष्कळदा कॉर्डच्या नावांचा एक कागद येई, कधी त्यावर दोन-चार ठिकाणी सूचना असत. बाकीचे तो करी. उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने तो तारा छेडी. तारा जाड, गुळगुळीत आवरणाच्या, आणि तुटेपर्यंत न बदललेल्या. त्यांच्यावर साचलेल्या मळातच नाद आहे अशी त्याची समजूत होती. डबल बासवर लागलेली सवय म्हणून तो मोकळ्या तारा अशा ठिकाणी वापरी की जेथे दुसरा कोणी वापरणार नाही. दोन मुख्य स्वरांच्या मध्ये कोमल-तीव्र पायऱ्यांनी चढून जाई. मात्रेच्या किंचित आधी उडी घेई आणि वेळेवर खाली उतरे. 'बर्नाडेट' (१९६७) किंवा स्टीव्ही वंडरचे 'फॉर वन्स इन माय लाइफ' (१९६८) ऐकताना वरचा आवाज क्षणभर मनातून काढून टाकला, तर खाली दुसरे एक गाणे चालले असल्याचे ध्यानात येते. तरीही गाणारा कोठे झाकला जात नाही. व्हियादानाची अट पुरी होतेच.

आता येथे लोक सहज निष्कर्ष काढतात: पाहा, थोर माणूस आपल्या मनाने वाजवतो. हा निष्कर्ष खोडून काढणारी एक हकीकत आहे. मार्विन गेचे 'व्हॉट्स गोइंग ऑन' हे गाणे १९७१ च्या जानेवारीत निघाले. त्यातला खर्ज जेमर्सनच्या प्रतिभेचा नमुना म्हणून जगभर शिकवला जातो. ध्वनिमुद्रणाच्या रात्री तो प्यालेला होता, खुर्चीत नीट बसता येईना, म्हणून जमिनीवर पडून त्याने वाजवले, असे त्याचे सोबती सांगत. ही आख्यायिका सगळ्यांना पाठ असते. पण त्या गाण्याची वाद्यरचना करणारा डेव्हिड व्हॅन डिपिट याने सांगितलेला दुसरा भाग फारसा कोणी सांगत नाही. त्याच्या म्हणण्याप्रमाणे तो खर्ज त्याने कागदावर लिहून दिला होता आणि जेमर्सनने तो लिहिल्याप्रमाणे वाचून वाजवला. जेमर्सनला तो फार आवडला, कारण जेमर्सनच्याच हरकती जेमर्सनसाठी लिहिलेल्या होत्या. घरी परतल्यावर तो बायकोला म्हणाला की आज एक अजोड कृती झाली.

ही हकीकत आम्ही जितक्या वेळा मनात घोळवतो तितकी ती अधिक गुंतागुंतीची दिसते. दहा वर्षे एक माणूस आपल्या मनाने वाजवतो. शेजारी बसणारा दुसरा माणूस ते कानांनी इतके बारकाईने शिकतो की त्याची भाषा त्याला लिहिता येऊ लागते. मग तो ती लिहून पहिल्याच्या पुढे ठेवतो, आणि पहिला ती एक स्वर न बदलता वाजवतो. या ठिकाणी बरहुकूम कोण आणि स्वैर कोण? आज जो तरुण हा खर्ज स्वरास स्वर उचलतो, त्याला आपण जेमर्सनचा स्वच्छंद शिकतो आहोत असे वाटते. व्हॅन डिपिटचा शब्द खरा मानला तर जेमर्सनने त्या रात्री नेमके तेच केले होते जे हा तरुण करतो आहे.

आता नावाचा प्रश्न. मोटाउनच्या तबकड्यांवर गाणाऱ्याचे नाव असे, रचनाकाराचे असे. वादकांची नावे १९७१ पर्यंत छापली गेली नाहीत. 'व्हॉट्स गोइंग ऑन' याच तबकडीवर जेमर्सनचे नाव प्रथम आले. गाण्याचा कर्ता म्हणजे ज्याने चाल व शब्द दिले तो, असा त्या धंद्याचा दंडक. विक्रीतला वाटा त्याला मिळे. खर्ज कितीही नवा असो, त्याला रचना मानण्याची रीत नव्हती. ते कामगाराचे काम, त्याला मजुरी. न्यायाने बोलायचे तर उत्तरकाळात कंपनीने जेमर्सनला चांगला साप्ताहिक तनखा बांधून दिला होता. पण १९७२ मध्ये कंपनी लॉस एंजेलिसला गेली. तोही मागोमाग गेला. तेथे त्याचे बस्तान बसले नाही, व्यसन वाढले. १९८३ च्या मार्चमध्ये मोटाउनच्या पंचविशीचा सोहळा झाला, तेव्हा हा माणूस दलालाकडून तिकीट विकत घेऊन वरच्या सज्जात मागे बसला होता, असे त्याच्या चरित्रकाराने लिहिले आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी, तो वारला. त्याचा आवडता बास त्याच्या काही दिवस आधी चोरीला गेला होता.

तो चरित्रकार म्हणजे फिलाडेल्फियाचा गिटारवादक अ‍ॅलन स्लट्स्की. त्याने १९८९ मध्ये जेमर्सनवर पुस्तक काढले आणि त्यात अनेक गाण्यांचे खर्ज ऐकून, स्वरास स्वर, लिपीत उतरवून छापले. पॉल मॅकार्टनीसारख्यांनी जेमर्सनचे ऋण उघड मान्य केले. २००० साली रॉक संगीताच्या कीर्तिमंदिरात साथीदार वादकांसाठी प्रथमच वेगळा वर्ग काढण्यात आला, त्या पहिल्या पाचांत त्याचा समावेश झाला. २००२ मध्ये चित्रपटही निघाला. आमचा तर्क असा की या सगळ्याच्या मुळाशी ते स्वरलेखन आहे. जोवर हे खर्ज 'आपल्या मनाने भरायची जागा' होते तोवर ते कोणाचेच नव्हते. एका माणसाने ते बरहुकूम उतरवले तेव्हा दिसले की हे एकाच हाताचे आहेत, आणि त्या हाताला नाव आहे. स्वैरपणाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार केला पाहिजे. दुसऱ्याची रचना बेपर्वाईने बदलण्याला आपण स्वातंत्र्य म्हणतो, पण ती रचनाच नव्हे असे गृहीत धरल्याशिवाय तसे म्हणता येत नाही. आणि त्या धंद्यानेही तेच गृहीत धरले होते.

हा अन्याय समुद्रापलीकडचाच आहे असे मात्र कोणी समजू नये. मुंबईच्या हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याहून आलेल्या वादकांचा मोठा भरणा होता. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन व व्हायोलिन शिकवले जाई; ती पोरे मुंबईस आली तेव्हा लिहिलेले वाचून वाजवणारा वर्ग येथे तयार मिळाला. त्यांतलेच सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड यांच्यासारखे वाद्यरचनाकार. चाल संगीतदिग्दर्शकाची, तिच्याखाली कोणते स्वर उभे करायचे आणि खर्ज कोठून न्यायचा हे पुष्कळदा त्यांच्या लेखणीतून ठरे. तबकडीवर नाव संगीतदिग्दर्शकाचे. माजोर्डा गावच्या गोन्साल्विसांचे नाव 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधल्या गाण्यामुळे देशभर झाले, कारण प्यारेलाल हे त्यांचे व्हायोलिनचे शिष्य होते. पण ते गाणे गुणगुणणाऱ्यांपैकी किती जणांना असा कोणी माणूस खरोखर होता हे ठाऊक होते?

असे असले तरी बरहुकूम पक्षाला आम्ही निर्वेध विजय देणार नाही. भातखंड्यांनी उस्तादांच्या बंदिशी जमवून क्रमिक पुस्तक मालिकेत छापल्या, तेव्हापासून आपण जाणतो की कागदावरची बंदिश आणि गळ्यातली बंदिश यांत अंतर राहते. खर्जाचेही तसेच आहे. बोट तारेवर किती वेळ राहिले, स्वर कोठे अर्धवट दाबून नुसता ठोका दिला, ड्रमच्या पुढे किंवा मागे केसभर कोठे सरकला, हे लिपीत येत नाही. ज्याने कागद तेवढा गिरवला त्याचा खर्ज मुका वाटतो. शिवाय दालन वेगळे, ड्रमवाला वेगळा, गाणारीने पट्टी बदलून घेतलेली. मोकळ्या तारेवर बसवलेली हरकत नव्या पट्टीत त्या तारेवर येतच नाही. अशा वेळी जो जुन्याच बोटांनी अडून राहील त्याच्या निष्ठेला आम्ही दाद देऊ, पण गाणारीला त्याचा काही उपयोग होणार नाही. कोठे बदलावे हे कळण्यासाठी मूळ स्वर तेथे का होता हे कळावे लागते, आणि ते कळण्याचा दुसरा मार्ग, मूळ जसेच्या तसे हातात बसवण्यावाचून, आम्हांला तरी दिसलेला नाही. तीन-चारशे पाने हाइनिखेन वाचल्याशिवाय उजवा हात मोकळा सोडू नये, असे जुन्या काळी म्हणत असतील तर ते वेडे नव्हते.

ज्या तरुणांना हे स्वतः पडताळून पाहायचे असेल त्यांच्यासाठी एक काम सुचवतो. 'फॉर वन्स इन माय लाइफ'चा खर्ज लिहून काढावा, आणि पहिल्या कडव्याचा कागद दुसऱ्या कडव्याच्या कागदाशेजारी ठेवावा. एकच माणूस, एकच गाणे, मिनिटाभराचे अंतर. तरी मधले स्वर ओळीमागून ओळ निराळे निघतात. मग 'मूळ' कोणते, पहिले की दुसरे? आता लाल पेन्सिल घेऊन दोन्ही कागदांवर जे स्वर सारखे राहिले आहेत तेवढ्यांना खुणा कराव्यात. बहुतेक खुणा जेथे कॉर्ड बदलते त्या मात्रेवर पडतात. तेथे जेमर्सन गायकाच्या पायाखाली जमीन ठेवतो. बाकीच्या पेन्सिल न लागलेल्या जागा त्याच्या स्वतःच्या.